चित्राखालची ओळ

यंदाच्या वार्षिकासाठी छायाचित्रे निवडण्याचे काम चालले असता एक लहानसा प्रसंग घडला. तो सांगूनच या लेखास आरंभ करणे बरे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या वृक्षारोपणाचे एक चित्र आमच्यापुढे होते. चित्र मोठे सुरेख उतरले होते. तीस-पस्तीस विद्यार्थी, हसरे चेहरे, मध्यभागी एक रोपटे आणि एका मुलाच्या हाती फावडे. त्याखाली छापण्यासाठी आम्ही अशी ओळ लिहून ठेविली होती की, विद्यार्थ्यांनी श्रमदान करून शाळेमागील माळ हिरवागार केला. मुद्रिते तपासण्याच्या कामी मदत करणारी नववीतील एक विद्यार्थिनी ती ओळ वाचून थबकली आणि अदबीने म्हणाली, “सर, रोपे अकरा लावली होती. त्यांतली सात उन्हाळ्यात वाळली. माळ काही हिरवा झालेला नाही. मग असे कसे छापायचे?”

“पण चित्र तर खरे आहे ना?” हे उत्तर आमच्या अगदी ओठांवर आले होते. ते तेथेच थांबले, हे आमचे सुदैव. कारण जगात आजवर ज्यांनी ज्यांनी चित्रांच्या आधाराने लोकांची दिशाभूल केली, त्यांतील बहुतेकांचे उत्तर हेच होते, हे आम्हांस त्या क्षणी आठवले. मुलीच्या त्या साध्या प्रश्नाने आमच्या मनात जे विचार उत्पन्न केले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

छायाचित्र ही मुळात मुकी वस्तू आहे. यंत्राच्या डोळ्यासमोर एका क्षणी जे उभे होते, त्यावरून आलेला प्रकाश त्याने टिपला, एवढीच त्याची साक्ष. तो क्षण कोणत्या वर्षीचा, स्थळ कोणते, माणसे कोण, ती कशासाठी जमली, आणि चौकटीच्या पलीकडे काय चालले होते, यांतील एकही गोष्ट चित्र स्वतः होऊन सांगत नाही. त्यासाठी जीभ लागते, आणि चित्राखालची ओळ ही ती जीभ होय. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत हिला फोटोओळ म्हणतात. वाचकाची नजर प्रथम चित्रावर जाते. डोळ्यांनी पाहिले म्हणून त्याचा विश्वास बसतो. आणि तोच विश्वास, नकळत, खालच्या ओळीसही मिळतो. एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचे बोट धरून लबाड मनुष्याने घरात शिरावे, तशी ही खोटी ओळ खऱ्या चित्राचे बोट धरून मनात शिरते. म्हणून बनावट चित्रापेक्षाही खऱ्या चित्राखालची खोटी ओळ अधिक घातक, असे आमचे मत आहे. बनावट चित्र कधीतरी पारख्याच्या हाती सापडते. खरे चित्र कितीही तपासले तरी खरेच ठरते, आणि त्याच्या आडोशाने ओळ सुटून जाते.

याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. टेनेसी राज्यात मॉन्टीगल या गावाजवळ हायलँडर फोक स्कूल नावाची प्रौढशिक्षणाची एक संस्था सन १९३२ मध्ये स्थापन झाली. माइल्स हॉर्टन हे तिचे एक संस्थापक. आरंभी तेथे कामगारांस संघटनेचे शिक्षण देत; पुढे वर्णभेद नाहीसा करण्याच्या कार्याकडे संस्थेने लक्ष वळविले. गोरे आणि कृष्णवर्णीय तेथे एका वर्गात शिकत व एका मेजाशी जेवीत. त्या काळी त्या प्रदेशात ही गोष्ट कायद्यास व रूढीस दोहोंसही खपणारी नव्हती. ज्या रोझा पार्क्स बाईंनी १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात बसमधील आपली जागा सोडण्यास नकार दिला, त्या त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात या संस्थेत शिकून गेल्या होत्या. मतदारयादीत नाव नोंदविण्यासाठी कृष्णवर्णीय नागरिकांची साक्षरतेची परीक्षा घेण्यात येई. ती त्यांस उतरता यावी म्हणून सन १९५७ पासून या संस्थेने प्रौढांचे साक्षरतावर्गही चालविले.

त्याच वर्षी संस्थेस पंचवीस वर्षे पूर्ण झाली. समारंभाच्या अखेरच्या दिवशी, २ सप्टेंबर रोजी, भाषण करण्यास मार्टिन ल्यूथर किंग आले होते. ते बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते, आणि अन्यायाचा प्रतिकार प्रेमाने व अहिंसेने करावा असे ते शिकवीत. पुढे सन १९५९ मध्ये ते भारतात आले, तेव्हा मुंबईस गांधीजींच्या आठवणींनी पावन झालेल्या मणिभवनात त्यांनी मुक्काम केला होता. अशा पुरुषाचे त्या समारंभात एक छायाचित्र निघाले. श्रोत्यांत बसलेले किंग त्यात स्पष्ट दिसत होते. चित्र काढणारा मनुष्य जॉर्जिया राज्याच्या एका सरकारी आयोगाने पाठविलेला होता. त्या आयोगाचे नाव शिक्षणाचे होते, आणि उद्देश मात्र वर्णभेद टिकविण्याचा होता. आयोगाने ते चित्र छापून सर्वत्र वाटले. पुढे सन १९६५ च्या सुमारास दक्षिणेतील रस्त्यांच्या कडेला मोठमोठ्या फलकांवर तेच चित्र झळकले, आणि त्यावर मजकूर असा की, मार्टिन ल्यूथर किंग साम्यवाद्यांच्या प्रशिक्षणशाळेत बसले आहेत.

आता पाहा, चित्रात काय खोटे होते? काहीच नाही. किंग तेथे होते, खुर्चीवर बसले होते, पुढे पाहत होते. इतकेच काय, साम्यवादी पक्षाच्या ‘डेली वर्कर’ या पत्रात लिहिणारा एक मनुष्यही त्या समारंभास आला होता व त्याच चित्रात दिसत होता. म्हणजे फलकाच्या बाजूने बोलणाऱ्यास सत्याचा एक कणही हाताशी होता. परंतु संस्था साम्यवाद्यांची नव्हती. किंग तेथे शिकण्यास नव्हे, तर एक दिवस भाषण करण्यास गेले होते. समारंभ कशाचा होता, हे तर फलकाने सांगितलेच नाही. एका ओळीने संस्थेस नसलेले नाव दिले, पाहुण्यास शिष्य बनविले आणि समारंभाचे कारण पुसून टाकले. एवढ्या तीन गोष्टी झाल्या, आणि चित्रास बोटही लावावे लागले नाही. रस्त्याने जाणाऱ्या मनुष्याने फलक पाहिला, आणि ‘आपण डोळ्यांनी पाहिले’ असे समजून तो पुढे गेला. त्या संस्थेची सनद सन १९६१ मध्ये टेनेसी सरकारने रद्द केली. पण चालकांनी दुसऱ्या नावाने काम पुन्हा सुरू केले, आणि ते आजही चालू आहे.

चित्र खरे आणि ओळ खोटी, हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याहून चतुर असतो. त्यात ओळ शब्दशः खरी असते आणि तरीही ती फसविण्यासाठीच लिहिलेली असते. सन १९५० मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सिनेट सभेची निवडणूक होती. मिलर्ड टायडिंग्स हे गृहस्थ त्या जागेवर अनेक वर्षे निवडून येत असत. त्याच वर्षी मॅकार्थी नावाच्या सिनेट सभासदाने सरकारी अधिकाऱ्यांवर साम्यवादाचे सरसकट आरोप केले होते. त्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष टायडिंग्स असून समितीने ते आरोप निराधार ठरविले होते. निवडणुकीच्या ऐन तोंडावर राज्यभर एक चार पानी पत्रक वाटण्यात आले. त्यात टायडिंग्स आणि साम्यवादी पुढारी अर्ल ब्राउडर हे जवळजवळ उभे राहून जिव्हाळ्याने बोलत असल्याचे चित्र होते. वस्तुतः दोन निरनिराळी चित्रे कापून ती शेजारी-शेजारी जोडलेली होती. गंमत अशी की, खालच्या मजकुरात हे चित्र जोडलेले आहे असे सांगणारा एक शब्द होता. ज्याने तो वाचला त्याने वाचला. बाकीच्यांनी चित्र पाहिले. टायडिंग्स सुमारे ४३,००० मतांनी पडले. त्यांच्या पराभवाची इतरही कारणे असतील. पण पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीने त्या प्रचाराची चौकशी करून कडक शब्दांत निषेध केला. निषेध झाला, निवडणूक मात्र होऊन गेलेली होती.

ही हकीकत वाचताना आपल्याकडील कोणासही धर्मराजाची आठवण व्हावी. अश्वत्थामा मारला गेला, हे शब्द त्याने मोठ्याने उच्चारले, आणि तो मनुष्य की हत्ती, हे शब्द पुटपुटले. अक्षरशः पाहता तो असत्य बोलला नाही. तथापि कथा सांगणाऱ्यांनी त्यास क्षमा केली नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईस टेकला, असेच त्यांनी सांगितले. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावे याच हेतूने ते वाक्य रचलेले होते, आणि हेतू सफल झाला. असत्य शब्दांत असते असे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात कोणती समजूत उत्पन्न व्हावी अशी बोलणाऱ्याची इच्छा आहे, त्यात ते असते. पत्रकातील तो बारीक टाइपाचा शब्द म्हणजे धर्मराजाचे ते पुटपुटणेच होय.

ही उदाहरणे दूरची झाली. पण आपण आपले घर स्वच्छ आहे अशा समजुतीत राहू नये. ६ जुलै १९४६ रोजी मुंबईस काँग्रेस महासमितीच्या बैठकीत गांधीजी व पंडित नेहरू एकमेकांजवळ बसून मनमोकळे हसत होते. मॅक्स डेस्फर या अमेरिकन छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. पुढे कोणा कारागिराने त्यातील नेहरूंस काढून त्यांच्या जागी एक तरुण स्त्री बसविली, आणि गांधीजींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणाऱ्या ओळींसह ते चित्र घरोघरच्या दूरध्वनींवर फिरत राहिले.

अशी चित्रे केवळ अनाम लोकच पसरवितात असेही नाही. सन २०१७ मध्ये आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवरील प्रकाशझोतांचे म्हणून एक चित्र छापले गेले. ते प्रत्यक्षात स्पेन आणि मोरोक्को यांच्या सीमेवरील निघाले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी जखमांनी भरलेल्या एका मुलीच्या चेहऱ्याचे चित्र उंच धरून, काश्मीरात छऱ्यांनी जखमी झालेल्यांची ही स्थिती आहे, असे जगास सांगितले. ते चित्र हायडी लेव्हिन या छायाचित्रकार बाईंनी सन २०१४ मध्ये गाझा येथे काढलेले होते. पहिल्या प्रकारात निष्काळजीपणा असेल, दुसऱ्यात काय होते ते वाचकांनी ठरवावे. आम्हांस येथे निराळेच सांगावयाचे आहे. त्या दुसऱ्या चित्राने अन्याय कोणावर झाला? भारतावर झाला, हे उघडच आहे. पण गाझातील त्या मुलीवरही झाला, कारण तिचे दुःख तिच्याकडून हिरावून परक्याच्या भांडणात वापरले गेले. आणि काश्मीरात ज्यांचे डोळे खरोखरच छऱ्यांनी गेले, त्यांच्यावरही झाला. कारण त्यांचे खरे चित्र कोणी दाखविले तर ‘हेही गाझाचेच असेल’ असे म्हणण्यास लोक मोकळे झाले. खोटी ओळ शत्रूचे जितके नुकसान करते, त्याहून अधिक नुकसान ती ज्यांच्या कैवारासाठी लिहिली जाते त्यांचे करते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो सज्जनांकडूनच येईल. ते म्हणतील, “हेतू वाईट असेल तर खोटी ओळ वाईट, हे कबूल. पण हेतू जर पवित्र असेल, दीनांच्या साहाय्यासाठी चार पैसे मिळवावयाचे असतील, तर थोडीशी अतिशयोक्ती चालेल.” मिशनच्या शाळेत लिहिताना या आक्षेपास आम्ही बगल दिली, तर ती अप्रामाणिकता होईल. लंडन शहरात निराश्रित मुलांसाठी आश्रम काढणारे डॉक्टर थॉमस बर्नार्डो हे ख्रिस्ती सेवेच्या इतिहासातील मोठे नाव. आश्रमासाठी मदत मिळावी म्हणून ते मुलांची दोन-दोन चित्रे छापून विकीत. एकात फाटक्या चिंध्यांतील भटके पोर, दुसऱ्यात तेच मूल स्वच्छ कपड्यांत काम करीत असलेले, आणि खाली पूर्वीची व आताची स्थिती सांगणाऱ्या ओळी. सन १८७७ मध्ये त्यांच्या कारभाराची लवादापुढे चौकशी झाली, तेव्हा यांतील काही चित्रे मुद्दाम तशी सजवून काढली असल्याचे बाहेर आले. लवादाने बहुतेक आरोपांतून त्यांस मुक्त केले. या चित्रांविषयी मात्र स्पष्ट दोष दिला, आणि पवित्र कार्यासही अशी रीत धोक्याची आहे, अशा आशयाचा इशारा दिला. मुले खरोखरच अनाथ होती, आश्रम खरोखरच त्यांस वाढवीत होता. ज्याची गरज नव्हती असे असत्य त्यात मिसळल्यामुळे मात्र खऱ्या सेवेवरही लोकांनी बोट ठेविले. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा ज्यांनी लहानपणी पाठ केली आहे, त्यांनी ती आज्ञा धर्मकार्याच्या वर्गणीपत्रकासही लागू आहे हे विसरू नये.

हीच गोष्ट आपल्या देशाच्या दुःखाविषयीही खरी आहे. सन १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी हूपर नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे काढली. तीच चित्रे आज अनेक ठिकाणी सन १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची म्हणून दाखविली जातात. दाखविणारे बहुधा राज्यकर्त्यांच्या निष्ठुरपणाविषयी मनापासून संतापलेले असतात. पण या घाईने दुहेरी अपराध होतो. मद्रासच्या मेलेल्यांची ओळखच पुसली जाते, आणि बंगालच्या दुष्काळाविषयी शंका काढू पाहणाऱ्याच्या हाती आयते शस्त्र पडते.

आणि सत्य चित्रास असत्याच्या आधाराची गरज नसते, याचे उदाहरणही त्याच बंगालने दिले आहे. सन १९४३ मध्ये युद्धामुळे वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते, आणि सरकार त्या संकटास दुष्काळ म्हणण्यास तयार नव्हते. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ या पत्राचे संपादक इयान स्टीफन्स हे स्वतः इंग्रज, आणि पत्रही इंग्रजांच्या मालकीचे. तरीही २२ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेने पडलेल्या माणसांची चित्रे आपल्या पत्रात छापली. चित्रे त्याच शहरातील, त्याच दिवसांतील होती. ज्यास शंका असेल त्याने दार उघडून बाहेर पाहावे. त्या चित्रांनी दिल्लीपासून लंडनपर्यंत खळबळ उडविली, आणि संकट नाकारणे सरकारास अशक्य होत गेले. पुढे सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज सुमारे १५ लाख केला. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा कितीतरी कमी असल्याचे दाखविले. इतक्या मोठ्या दुःखातही स्टीफन्स यांनी दुसरीकडचे, अधिक भीषण दिसणारे एखादे चित्र उसने आणले असते, तर सरकारने त्या एका चुकीवर बोट ठेवून सारेच खोटे ठरविले नसते काय?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे. ते म्हणतात, “राजकारण म्हणजे जाहिरातबाजी. सर्वच पक्ष हे करतात, आणि लोकांसही ते ठाऊक आहे. मग कशास एवढा विचार?” आम्हांस हे म्हणणे सर्वांत भयंकर वाटते. लोकशाहीत राज्य मतावर चालते, आणि मत हे ज्ञानावर चालावयास पाहिजे. ज्या मतदारास गावचा तलाव भरलेला दाखविला, त्याने तलावाविषयी प्रश्न का विचारावा? फलकावर दुसऱ्याच देशातील रुंद रस्ता छापून खाली आपल्या जिल्ह्याचे नाव घातले, तर खड्ड्यातून जाणाऱ्या मनुष्यास वाटते की आपल्याच नशिबी खड्डा आला, बाकी सर्वत्र रस्ते झाले. झालेले नाही ते झाले असे सांगणारी ओळ ही केवळ खोटी नसते. जे करावयाचे राहिले आहे ते करण्याची वाटच ती बंद करते. त्याचप्रमाणे प्रतिस्पर्ध्यास न केलेल्या कृत्याचा दोषी ठरविणारी ओळ मतदाराच्या हातून एका निरपराध मनुष्यास शिक्षा करविते. आणि ‘सर्वच खोटे बोलतात’ अशी लोकांची एकदा खात्री झाली, म्हणजे खरे बोलणाऱ्याचे भांडवलच बुडाले. मग निवडून येण्यासाठी खरे बोलण्याचे कारण कोणास उरणार?

कायद्याने काही कुंपणे घातली आहेत. सन १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचार ठरतो, आणि निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे-पत्ते छापणे बंधनकारक आहे. आता तर यंत्रे अशी निघाली आहेत की, कधी न घडलेल्या प्रसंगाचे चित्र व कधी न उच्चारलेले भाषणही ती क्षणात रचून देतात. म्हणून सन २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत निर्वाचन आयोगाने पक्षांस बजाविले की, असा बनावट मजकूर आपल्या निदर्शनास येताच ३ तासांच्या आत काढून टाकावा. ही व्यवस्था योग्यच आहे. परंतु तीन तासांत चित्र किती घरी पोहोचते, हे आपण सर्वजण जाणतो. कायदा चोराच्या मागून धावतो. घराचे दार लावण्याचे काम घरच्यांचेच असते.

सबब विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस आमचे सांगणे असे आहे. कोणतेही चित्र पुढे आले की प्रथम ओळ हाताने झाका, आणि चित्र स्वतः काय सांगते ते पाहा. मग ओळ वाचा, आणि ओळीत जे अधिक आहे ते कोठून आले, हे विचारा. हे कोण, कोठे व केव्हा, आणि हे चित्र काढले कोणी, एवढे चार प्रश्न पुष्कळदा पुरे होतात. पाचवा प्रश्न कठीण आहे, पण तो विसरू नका: ही ओळ वाचून मला राग यावा वा आनंद व्हावा, असे कोणास वाटते? ज्या चित्राने तुमच्या मनातील जुनी समजूतच अधिक घट्ट केली, त्याची तपासणी दुप्पट करा. कारण आपल्या आवडीचे असत्य ओळखणे सर्वांस जड जाते. शाळेतील मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत तुम्ही भित्तिपत्रके लावता, तेथेही हाच नियम पाळा. आपल्या उमेदवाराने केले तेवढेच लिहा. दुसऱ्याच्या उमेदवाराचे तोंड वेडेवाकडे असतानाचे चित्र शोधून लावू नका. जो विद्यार्थी शाळेच्या भिंतीवर खोटी ओळ लिहून निवडून येतो, तो पुढे गावच्या भिंतीवरही तीच लिहील.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. घरातील दूरध्वनीवर आलेले चित्र आपण कसे पुढे पाठविता, हे मुले पाहत असतात. ‘खरे की खोटे कोण जाणे, पण पाठवून ठेवतो’ असे वाक्य त्यांच्या कानी पडले, तर आमचा वर्षभराचा नीतिपाठ त्या एका वाक्यापुढे फिका पडतो. उलट, “हे मी कालच पाठविले, पण ते चुकीचे निघाले, माझी चूक झाली,” असे वडिलांनी वा आईने चारचौघांत लिहिलेले मुलाने एकदा पाहिले, तर त्याचा ठसा जन्मभर राहील. चूक कबूल केल्याने वडीलधाऱ्यांचा मान कमी होतो, हा समज निराधार आहे. आमच्या अनुभवास तर उलटच आले आहे.

आता शेवटी आमच्या चित्राची हकीकत. या अंकात ते छापले आहे, आणि त्याखालची ओळ बदलली आहे. ती अशी: गेल्या वर्षी शाळेमागील माळावर ११ रोपे लावली. खड्डे पाच विद्यार्थ्यांनी खणले. चित्रासाठी सर्व वर्ग उभा राहिला. सुटीत पाणी घालण्याची व्यवस्था न केल्यामुळे ७ रोपे वाळली, ४ जगली आहेत. ही ओळ पहिलीइतकी शोभिवंत नाही, हे आम्ही जाणतो. पण ती मुद्रिते वर्गात वाचली गेली, त्याच दिवशी दोन मुलांनी व एका मुलीने येत्या सुटीत पाणी घालण्याची पाळी आपणहून मागून घेतली. पहिली ओळ छापली असती, तर माळ हिरवागार झालेलाच होता. मग पाणी घालण्यास कोण गेले असते?